खुनी ठाऊक असताना मालिका का बघायची?

ताई,

माझं वय पंचेचाळीस. १९९३ मध्ये दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' ही गुप्तहेराची मालिका लागायची तेव्हा मी आठवीत होतो. बाबा आणि मी ती मालिका कधी चुकवली नाही. बाबा बहुतेक वेळा खुनी आधीच ओळखायचे आणि मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा दाखवली तेव्हा पाहिली, त्यानंतरही कितीदा तरी पाहिली. आता यूट्यूबवर परत पहिल्यापासून लावली आहे. बायको विचारते, "खुनी तोंडपाठ आहेत, मग बघता काय?" मला उत्तर देता येत नाही. मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला हौसेने पहिला भाग दाखवायला बसवलं, तर दहा मिनिटांत म्हणाली, "हे लोक नुसते बोलतायत," आणि मोबाईल काढून बसली. मला ते फार लागलं. बाबा खोलीत असतात, पण त्यांना आता काही आठवत नाही. सारखे "हा कोण रे?" विचारतात आणि माझी चिडचिड होते. शिवाय हल्ली मलाच त्यातल्या चिकटवलेल्या दाढ्या आणि पुठ्ठ्याच्या भिंती दिसायला लागल्या आहेत. इतक्या वेळा बघून मी एक चांगली आठवण झिजवतोय का? थांबवू का?

– एक जुना प्रेक्षक, कोल्हापूर

नमस्कार,

थांबवू नका. मात्र सध्या ज्या पद्धतीने बघताय, ती बदलायला हवी. त्याकडे येतेच, आधी वहिनींचा प्रश्न घेऊ. तो टोमणा म्हणून विचारला असेल, पण प्रश्न रास्त आहे.

(ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही आणि पाहायचा विचार आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. नंतर मला शिव्या देऊ नयेत.)

पहिला भाग घ्या, 'सत्यान्वेषी'. कलकत्त्यातली एक मेस, म्हणजे भाड्याने राहण्या-जेवणाची जागा. चालवतात अनुकूलबाबू नावाचे होमिओपॅथ डॉक्टर, साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिथे अतुलचंद्र मित्र नावाचा एक तरुण खोली शोधत येतो आणि तिथेच राहणाऱ्या अजितच्या खोलीत राहतो. मग मेसमध्ये खून होतो. पहिल्यांदा बघताना आपला संशय कुणावर जातो? या नव्या माणसावरच. तो कुठून आला, काय करतो, कुणालाच माहीत नसतं. शेवटी कळतं की अतुल म्हणजे ब्योमकेश आणि कोकेनच्या धंद्याचा सूत्रधार म्हणजे ते सज्जन डॉक्टर. आता हाच भाग दुसऱ्यांदा बघा. गोष्ट सगळी वेगळी होते. एक लबाड आणि एक त्याच्या मागावर असलेला, दोघंही खोटी ओळख घेऊन एकाच छपराखाली वावरतायत, गोड बोलतायत, एकमेकांचा अंदाज घेतायत. आणि मध्ये बिचारा अजित, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही. पहिल्या वेळी आपण अजित असतो. दुसऱ्या वेळी आपल्याला अजितची काळजी वाटते. हा दुसरा अनुभव पहिल्यांदा मिळूच शकत नाही, कारण त्यासाठी शेवट ठाऊक असावा लागतो.

वहिनींना हे एवढं सांगा. त्यांना पुरावा हवा असेल तर अमेरिकेतली 'कोलंबो' ही मालिका आहे. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या जोडीने ती निर्माण केली. पीटर फॉकचा तो चुरगळलेल्या रेनकोटमधला पोलीस डिटेक्टिव्ह यायच्या आधीच खून कुणी आणि कसा केला हे प्रेक्षकाला दाखवून टाकतात. उरतं ते एवढंच की हा गबाळा माणूस त्याला पकडणार कसा. त्यावर लोक वर्षानुवर्षं खूश होते.

एक प्रयोगही आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, त्यात रहस्यकथाही होत्या. काहींना शेवट आधीच सांगून टाकला होता. त्या वाचकांना कथा किंचित जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही निघालं, तेव्हा हे वाक्य वहिनींच्या तोंडावर फेकू नका. माझा स्वतःचा विश्वास प्रयोगापेक्षा त्या मेसवर जास्त आहे.

आता दाढ्या आणि भिंती.

त्या खोट्याच आहेत हो. तेव्हाही खोट्याच होत्या. फरक इतकाच की तेव्हाच्या पडद्यावर त्या दिसत नव्हत्या आणि तुमचं सगळं लक्ष खुन्याकडे होतं. ते लक्ष आता मोकळं झालंय, म्हणून दाढीवर जातंय. त्याला दुसरं काम द्या. दिग्दर्शक बासू चटर्जी. सिनेमात येण्याआधी हा माणूस मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकात बरीच वर्षं व्यंगचित्रं काढायचा. चार रेघांत माणूस उभा करायची सवय हाताला लागलेली. म्हणून त्यांच्या मालिकेत भिंत पुठ्ठ्याची असली तरी खुर्चीत बसलेला माणूस कधी पुठ्ठ्याचा नसतो. मेसमधला नोकर, तंबाखू मळणारा म्हातारा, वारसाहक्काच्या चिंतेने वाळलेला पुतण्या, सगळे दोन मिनिटांसाठी येतात आणि माणसं होऊन जातात. 'एक रुका हुआ फैसला' तुम्ही पाहिलाय का? १९८६ चा, बासूदांचाच. एका बंद खोलीत खटल्याचा निकाल द्यायला बसलेली बारा माणसं फक्त बोलतात. त्यात सगळ्यांच्या विरोधात एकटा शंका काढणारा जो ज्युरर आहे तो के. के. रैना, म्हणजेच आपला अजित. तिथे सगळ्यांना प्रश्न विचारणारा, इथे मित्राच्या मागे मागे जाऊन चुकीचे तर्क लढवणारा. रैनांचा अजित नीट बघायचा असेल तर एखादा भाग असा बघा की ब्योमकेश बोलत असताना तुमची नजर अजितवरच राहील. ब्योमकेश झालेले रजित कपूर उत्तम आहेतच. त्या शांतपणासाठी त्यांना जेवढी दाद मिळाली ती योग्यच होती, आणि पुढे श्याम बेनेगलांच्या चित्रपटात गांधी रंगवून त्यांनी राष्ट्रीय पुरस्कारही घेतला. पण ऐकण्याचा अभिनय बघायचा तर रैनांचा.

सगळेच भाग चांगले आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. १९९७ मध्ये जे दुसरं पर्व आलं त्यातले काही भाग मला ओढल्यासारखे वाटतात. ते खुशाल वगळा. आवडत्या मालिकेचा प्रत्येक भाग बघण्याचं व्रत कुणी सांगितलेलं नाही.

झिजण्याच्या भीतीबद्दल एक गंमत सांगते. मूळ लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून पुढच्या चार-पाच वर्षांत ब्योमकेशच्या पहिल्या दहा कथा लिहिल्या, त्याचं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. १९३८ मध्ये ते मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला लागले. जवळजवळ पंधरा वर्षं ब्योमकेश बंद. मग १९५१ मध्ये पुन्हा सुरू, आणि या वेळी अखेरपर्यंत. १९५२ पासून त्यांचा मुक्काम कुठे होता? पुण्यात. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या कथा, ते कलकत्त्याचे जिने आणि रस्ते, पुण्यात बसून लिहिलेले आहेत. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या बंगाली कथाही त्यांनी लिहिल्या, हे तर आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असतं. सांगायचा मुद्दा, ज्याने ही माणसं निर्माण केली त्यालाही इतक्या वर्षांनी त्यांच्याकडे परत जावंसं वाटलं, आणि परतल्यावर त्याने आधीच्यापेक्षा जास्त लिहिलं. तुमच्या काही फेऱ्यांनी ब्योमकेशला काही होणार नाही.

आता लेकीचं.

"हे लोक नुसते बोलतायत" हे तिचं निरीक्षण अचूक आहे. दहा मिनिटांत तिने मालिकेची पद्धत ओळखली, आणि तुम्ही रुसलात! जरा कल्पना करा, तुम्ही बसला होतात कसे. पडद्याकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे बघत. आता हसेल, आता चमकेल. तेरा वर्षांच्या मुलांना हे लगेच कळतं आणि त्यांचा जीव गुदमरतो. आवडलंच पाहिजे अशी गोष्ट कुणालाही आवडत नाही. तुमच्या आठवीतल्या संध्याकाळी तिला द्यायच्या आहेत, पण त्या तिच्या नाहीत. तिच्या हाती फक्त गोष्ट देता येईल.

सुरुवात पहिल्या भागापासून करायला नको होती. त्यात मजा दुसऱ्या फेरीत जास्त आहे. तिच्यासाठी 'रास्ते का काँटा' लावा. कलकत्त्याच्या गजबजलेल्या रस्त्यावर माणसं चालता चालता कोसळतात, छातीत ग्रामोफोनची पिन घुसलेली असते, आणि आजूबाजूच्या एवढ्या गर्दीत कुणी काही पाहिलेलं नसतं. आवाज नाही, बंदूक नाही. दुसरीकडे वर्तमानपत्रात एक जाहिरात येत असते. वाटेतला काटा काढायचा असेल त्याने शनिवारी संध्याकाळी अमुक दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. यावर मोबाईल खाली ठेवणार नाही असं मूल मला अजून भेटायचंय. ठेवला नाही, तरी ओरडू नका.

तयारी मात्र आधी करा, जेवताना. ग्रामोफोन काय असतो, त्याची पिन केवढी असते आणि ती वारंवार बदलावी का लागायची, मेस म्हणजे काय, तेव्हा तार कशी यायची. एकदा भाग सुरू झाला की तोंड बंद. मध्येच थांबवून समजावणारे वडील आणि जाहिराती यांत मुलांना फरक वाटत नाही.

शेवटच्या उलगड्याच्या आधी मात्र एकदा थांबवा. तिने चिठ्ठीवर संशयिताचं नाव लिहायचं, खाली एका ओळीत कारण. कारणाशिवाय नाव चालणार नाही, नाहीतर सगळेच सगळ्यांवर संशय घेतात. मग पुढे लावा. तिचा अंदाज चुकला तर तुम्ही हसायचं नाही, बरोबर आला तर "मला वाटलंच होतं" म्हणायचं नाही. भाग संपल्यावर तिला एक प्रश्न विचारून बघा, आजच्या काळात हाच खून करायचा झाला तर काय अडचण येईल? चौकाचौकात सीसीटीव्ही, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. तिची पिढी या बाबतीत तुमच्यापेक्षा हुशार आहे, तुम्हालाच नवं काही कळेल.

त्यानंतर सत्यवती, म्हणजे ब्योमकेशची पुढे होणारी बायको, पहिल्यांदा येते तो भाग दाखवा. भावावर खुनाचा आळ आलेला, आणि ही मुलगी अनोळखी माणसाच्या दारात येऊन उभी राहते. भूमिका सुकन्या कुलकर्णींची. वहिनींनी त्यांना 'आभाळमाया'त पाहिलं असणारच. त्या निमित्ताने वहिनीही पाच मिनिटं टेकल्या तर बसू द्या, "आता कशाला आलीस?" असं म्हणू नका.

तीन भागांनंतरही लेकीला नाही आवडलं, तर विषय सोडा. मग ती जी रहस्यमालिका बघते ती तुम्ही तिच्याबरोबर बघा, आणि तिला तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसू द्या.

आणि आता पत्रातला तो भाग, जो तुम्ही दोन ओळींत उरकलात.

लेकीवर तुम्ही पोटतिडकीने लिहिलंय. बाबांवर लिहिलंय ते असं, की ते मध्ये बोलतात आणि चिडचिड होते. ही मालिका तुम्ही ज्यांच्या शेजारी बसून पाहिली ते अजून त्याच खोलीत आहेत, आणि तुम्ही प्रेक्षक शोधताय दुसरीकडे.

"हा कोण रे?" याची कारणं अनेक असू शकतात. एक तर साधं, ऐकू कमी येत असेल. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात संवाद घुमतात, हिंदीला बंगाली वळण, त्यात अश्विनीबाबू, घनश्यामबाबू, अनुकूलबाबू. सगळे धोतर नेसलेले, सगळे बाबू. माझाही दोनदा गोंधळ झालेला आहे. कान तपासून घ्या, तोवर त्यांची खुर्ची पडद्याजवळ ओढा किंवा हेडफोन देऊन बघा. दुसरं म्हणजे खरोखरच विसर पडत असेल. वयात नावं निसटतात, त्याने घाबरायचं कारण नाही. पण तुम्ही लिहिलंय की "आता काही आठवत नाही". हे फक्त मालिकेपुरतं आहे की औषध घेतलं की नाही हेही विसरतात, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात, पैशांच्या हिशोबात चुकतात? तसं दिसत असेल तर पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा त्रास अशा कारणांनीही स्मरण मंदावतं आणि त्यावर उपचार असतात. "वय झालंय" म्हणून सोडून देऊ नका. हे काम मालिकेच्या आधीचं.

ते करून झालं की मग बाबांना लेकीच्या शेजारी बसवा.

कारण बघा, घरात खुनी कोण हे ठाऊक नसलेली माणसं आता दोन आहेत. एक तेरा वर्षांची, जिने पाहिलेलं नाही. दुसरे सत्तरी ओलांडलेले, जे विसरलेत. दोघं बरोबरीचे. दोघांनाही तर्क लढवायचाय, दोघांनाही चुकायची मोकळीक आहे, आणि आजोबांना हरवायची संधी कुठलं नातवंड सोडेल? आजोबांकडे ग्रामोफोनची माहिती तुमच्यापेक्षा नक्की जास्त असेल, पिन बदलण्याचं प्रात्यक्षिकसुद्धा हवेत करून दाखवतील. कदाचित तुमचे बाबा तेव्हा खुनी ओळखायचे ते उगाच नव्हे, जुन्या लोकांची नजर माणसांवर असते, आणि ती नजर नावं विसरल्याने जात नाही. कदाचित तसं काही होणारही नाही, ते मध्येच पेंगतील. पेंगू द्या.

दोघांनाही कागद-पेन्सिल द्या. बाबांचा हात थरथरत असेल तर लेक लिहून घेईल, मग ती त्यांचं उत्तर बघून आपलं बदलेल, त्यावरून भांडण होईल. ते तुम्ही सोडवायला जाऊ नका.

तुमच्या वाट्याला या सगळ्यात सगळ्यात अवघड काम आलंय, गप्प बसायचं. हात रिकामे ठेवू नका, नाहीतर बोट पडद्याकडे जाईल. मटार सोला, कपड्यांच्या घड्या घाला. वहिनींना हे दृश्य आवडेल. तुम्हाला एकट्याने निवांत बघायची असेल, ते रैनांकडे वगैरे लक्ष देऊन, तर ती रात्री सगळे झोपल्यावर बघा, आणि एका बैठकीत एकच भाग. तेव्हा आठवडाभर थांबावं लागायचं, आता एका दमात चार भाग बघितले की पाचव्याला दाढ्याच दिसणार.

राहता राहिला बाबांचा प्रश्न. पडद्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून "हा कोण रे?" असं त्यांनी विचारलं, तर पाचव्यांदा विचारलं तरी नाव आणि नातं नीट सांगायचं, आवाज न चढवता. "खुनी कोण रे?" असं विचारलं तर मात्र सांगायचं नाही. कितीही वेळा विचारलं तरी नाही. लेकीला कानात सांगतील.